तालुक्याच्या गावात निधीसाठी धाव-चाल स्पर्धा, सगळ्यांना झेपेल अशी: आखणी कशी करावी?

प्रश्न: ओढ्याकाठचा

आमचं सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. डायलिसिसच्या रुग्णांना आठवड्यातून दोन-तीन वेळा जिल्ह्याला जावं लागतं, त्यांच्या प्रवासखर्चासाठी निधी उभा करायचा आहे. जानेवारीतल्या एखाद्या रविवारी धाव-चाल स्पर्धा घ्यावी असं ठरतंय. पाचशे ते सहाशे लोक येतील असा अंदाज. त्यात दहा किमी पळणारी पोलीसभरतीची मुलं असतील, सकाळी फिरणारे आजी-आजोबा, शाळेची मुलं, दृष्टिहीन मुलांच्या वसतिगृहातली दहा-बारा मुलं, व्हीलचेअर आणि तीनचाकी सायकलवाले मिळून सात-आठ जण.

सध्याचा आराखडा असा: राज्यमार्गावर सरळ जाऊन त्याच रस्त्याने परत. ३, ५ आणि १० किमी. सकाळी ६ ला एकत्र सुरुवात. प्रवेश शुल्क ३०० रुपये, त्यात टी-शर्ट, पदक, नाश्ता. चिपवालं टायमिंग परवडणार नाही. आमच्याकडे स्वयंसेवक साठेक जमतील. आमचा मित्रमंडळाचा गट आहे, नोंदणीकृत संस्था नाही.

अंतर कसं मोजायचं, परवानग्या कुणाच्या, वेळ कशी नोंदवायची, व्हीलचेअरवाल्यांचं काय करायचं आणि पाणी किती लागेल, हे नेमकं हवं आहे. "शुभेच्छा, छान उपक्रम" नंतर लिहा.

उत्तर १: मैलाचा_दगड

आराखड्यातल्या तीन गोष्टी आधी बदला: रस्ता, वेळ आणि तीन किमी.

राज्यमार्ग सोडा. जानेवारी म्हणजे गळीत हंगाम ऐन भरात. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटेपासून रस्त्यावर असतात, त्यांना पटकन थांबता येत नाही आणि कारखान्याची रांग तुमच्या स्पर्धेसाठी थांबणार नाही. शिवाय जाऊन-येऊन मार्गात शेवटचा माणूस अडीच-पाच किमी लांब जातो. रुग्णवाहिका, पाणी, स्वयंसेवक सगळं ताणलं जातं.

त्याऐवजी शाळेच्या मैदानाभोवतालची २.४ किमीची फेरी शोधा, आणि मैदान ते फेरी २०० मीटरची जोडवाट ठेवा. जाताना २०० आणि येताना २००. मग एक फेरी २.८ किमी, दोन फेऱ्या ५.२ आणि चार फेऱ्या बरोबर १०. तीन किमीच्या जागी २.८ आणि पाचच्या जागी ५.२ झाले तर कोणी भांडायला येत नाही. जे आहे ते पत्रकावर छापा. दहा किमीवाले मात्र भांडतात, कारण त्यांना आपली वेळ आधीच्या वेळेशी ताडून बघायची असते. म्हणून आकडा त्यांच्यासाठी जुळवायचा. मुंबई मॅरेथॉनची ड्रीम रनही सुमारे सहा किमीची असते, पाच नाही आणि दहाही नाही. कुणाचं काही अडत नाही.

सुरुवातीची रेघ आणि शेवटची रेघ दोन्ही मैदानात, फेरीवर नको. फेरीवर ठेवलीत तर दहा किमीवाला पहिली फेरी मारून साडेबारा मिनिटांत परत येतो आणि नेमका पाच किमीच्या सुरुवातीच्या गर्दीत घुसतो.

गट एकत्र सोडू नका. ६:५० ला चाकावरचे, ७:०० ला दहा किमी, ७:१५ ला पाच, ७:२५ ला चालणारे. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या पुढे पाच-दहा मिनिटांनी उगवतो. सहाला मिट्ट काळोख असतो, खड्डा दिसत नाही आणि वाहनवाल्याला माणूस दिसत नाही. दुसरं कारण कायद्याचं: ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सहाची सुरुवात म्हणजे साडेपाचपासून माइकवर सूचना, आणि तीच तक्रारीला जागा.

फेऱ्यांच्या मार्गाला एक खोड आहे, लोक फेऱ्या मोजताना चुकतात. यावर स्वस्त उपाय रबर बँड. फेरीच्या शेवटी, जोडवाटेच्या तोंडाशी दोन स्वयंसेवक उभे करा, दहा किमीवाल्यांच्या हातात दर फेरीला एक रंगीत बँड द्या. हातात तीन बँड असतील आणि चौथी फेरी पूर्ण झाली असेल तरच आत वळायचं. तिन्ही गटांच्या छातीक्रमांकाचे रंग वेगळे ठेवा, म्हणजे कुणाला कधी आत घ्यायचं हे लांबून कळतं. आणि चालणाऱ्यांना निक्षून सांगा: डावीकडून, दोघांपेक्षा जास्त आडवे नको. मैत्रिणींची पाचजणींची आडवी रांग ही अशा स्पर्धेतली सगळ्यात मोठी वाहतूककोंडी असते. रस्ता किमान सहा मीटर रुंद हवा.

आता मोजणी. फोनवरच्या किंवा घड्याळातल्या जीपीएसवर विसंबू नका. झाडाखाली आणि वळणावर ते आकडा चुकवतं आणि दर वेळी वेगळा देतं. प्रमाणित स्पर्धांचा मार्ग सायकलने मोजतात. चाकाला जोन्स काउंटर नावाचा छोटा गणक लावतात, तो चाकाच्या एका फेऱ्याचेही बारीक भाग मोजतो. तुमच्याकडे तो नसेल तरी पद्धत तीच वापरता येते:

सरळ, सपाट डांबरावर पोलादी टेपने किमान ३०० मीटर मोजून दोन्ही टोकांना खिळे ठोका. कापडी किंवा फायबरची टेप नको, ती ताणते. सायकलच्या पुढच्या चाकाला रंगाची खूण करा आणि या पट्ट्यावर चार वेळा सरळ चालवून चाकाचे किती फेरे होतात ते लिहा. शेवटचा अपुरा फेरा आऱ्या मोजून लिहायचा. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर असेल तर ३०० मीटरला १४३ च्या आसपास फेरे येतील. सरासरी काढा. मग मार्ग मोजा आणि परत येऊन पट्ट्यावर पुन्हा चार वेळा चालवा. दुसऱ्यांदा का? ऊन चढलं की टायरमधली हवा फुगते, घेर वाढतो, फेरे कमी येतात. दोन्ही सरासऱ्यांमधली धरायची.

मार्ग मोजताना रस्त्याच्या मधोमध जायचं नाही. पळणारा जो सगळ्यात जवळचा रस्ता घेईल तो मोजायचा: वळणावर आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, आणि एका वळणाकडून दुसऱ्याकडे तिरकं. मधोमध मोजलेला मार्ग प्रत्यक्षात कमी भरतो. शेवटी दर किमीला एक मीटर जास्त धरायचा, म्हणजे दहा किमीसाठी १०,०१० मीटर आखायचे. मोजणीत बारीक चूक राहिली तरी अंतर कमी भरत नाही. रेघांच्या जागी रंगाचा पट्टा मारा आणि शेजारच्या पक्क्या वस्तूपासूनचं अंतर लिहून ठेवा, "विजेच्या खांबापासून ३.४० मीटर" असं. स्पर्धेच्या आदल्या रात्री रस्त्यावर डांबर पडलं तर रंग जातो, खांब राहतो.

तारखेबद्दल: तिसरा रविवार साधारणपणे मुंबई मॅरेथॉनचा. तुमच्या भागातले चांगले पळणारे तिकडे जातील. आठवडा बाजार रविवारी भरत असेल तर फेरी बाजाराच्या बाजूने नको, भाजीचे टेम्पो सहालाच येतात.

उत्तर २: पावतीपुस्तक

पैशाचं आणि कागदाचं लिहितो.

तुमचा गट नोंदणीकृत नाही आणि तुम्ही धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे घेणार आहात. गणेश मंडळं वर्गणीसाठी सहायक धर्मादाय आयुक्तांकडून जी परवानगी काढतात, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१क खालची, ती तुम्हाला लागू होते. काम झाल्यावर हिशेबही द्यावा लागतो. यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे गावातल्या एखाद्या नोंदणीकृत, लेखापरीक्षण होणाऱ्या न्यासाला आयोजक करा आणि पैसे थेट त्याच्याच खात्यात घ्या. क्यूआर कोडही न्यासाचाच. एखाद्या कार्यकर्त्याच्या फोनवर पैसे घेतले की हिशेब कितीही चोख असला तरी शंका उरते, आणि त्याच्या खात्यात ते त्याचं उत्पन्न दिसतं ते वेगळंच.

८०जी ची (देणगीवरच्या आयकर सवलतीची) पावती प्रवेश शुल्कावर देऊ नका. त्या पैशाच्या बदल्यात माणसाला टी-शर्ट, पदक, नाश्ता मिळतो, ती देणगी होत नाही. अर्जात दोन ओळी ठेवा, "प्रवेश शुल्क" आणि "स्वेच्छा देणगी". दुसऱ्या ओळीच्या रकमेवर पावती, आणि तीही न्यासाकडे ८०जी ची मान्यता असेल तरच. दोन हजारांवरची देणगी रोखीत आली तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही, त्यामुळे मोठी रक्कम बँकेतूनच घ्या आणि पॅन मागून ठेवा.

आता तीनशे रुपयांचं गणित. समजा टी-शर्ट १६०, पदक ६०, छातीक्रमांक आणि पिना १५, नाश्ता-पाणी ४५. झाले २८०. उरलेल्या वीस रुपयांतून मांडव, ध्वनिक्षेपक, फलक, बक्षिसं. रुग्णांच्या वाट्याला काय? बहुतेक गावच्या "मदत दौडी" इथेच संपतात. सहाशे लोक पळतात, फोटो छान येतात आणि धनादेश होतो दहा-पंधरा हजारांचा. दर तुमच्या भागात वेगळे असतील, पण मांडणी आधी कागदावर करा.

माझं मत: मुख्य खर्च प्रायोजकांकडून आधी बांधून घ्या आणि मगच नोंदणी उघडा. पैशाऐवजी वस्तू मागा. पाण्याचे जार एकाने, पोहे एकाने, मांडव मंगल कार्यालयाने. गावात माणूस पाच हजार रोख द्यायला कचरतो पण पाच हजारांचे पोहे हसत देतो. शुल्क दोन प्रकारचं ठेवा: टी-शर्टशिवाय १५० आणि टी-शर्टसह ३५०. टी-शर्टची नोंदणी स्पर्धेच्या चार आठवडे आधी बंद करा आणि जेवढे पैसे आले तेवढेच नग शिवायला टाका. "थोडे जास्त घेऊन ठेवू" म्हणून घेतलेले साठ-सत्तर टी-शर्ट हमखास कुणाच्या तरी माळ्यावर राहतात, तेही सगळे एक्सएल.

परवानग्या: पहिला प्रश्न, रस्ता कुणाचा. नगरपरिषदेचा, जिल्हा परिषदेचा, सार्वजनिक बांधकामचा की कालव्यालगतचा पाटबंधारे खात्याचा, त्यावर पत्र कुणाला ते ठरतं. पोलीस ठाण्याचा अर्ज सहा आठवडे आधी. सोबत नकाशा, कोणता रस्ता किती ते किती बंद, पर्यायी रस्ता, स्वयंसेवकांची यादी वळणांसह, आणि न्यासाचं पत्र. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी मागावी लागते. फलक लावायचे तर नगरपरिषदेची परवानगी आणि शुल्क. विनापरवाना फलक हे मालमत्ता विद्रूपीकरणाच्या कायद्यात येतात. ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना पत्र द्या. सगळ्या पत्रांच्या पोच घेतलेल्या प्रती एका फाइलमध्ये घालून ती त्या दिवशी मैदानात ठेवा. बंदोबस्ताला आलेल्या हवालदाराला काहीच माहीत नसतं, फाइल दाखवली की बोलणं संपतं.

ओढ्याकाठचा

कालव्याच्या कडेने २.३ किमीची फेरी बसते असं दिसतंय, डांबरी आहे, एका ठिकाणी चढ. दोन शंका. टी-शर्ट नसेल तर लोक येतील का? आणि प्रमुख पाहुण्यांनी झेंडा दाखवायचा आहे, ते वेळेवर येत नाहीत.

मैलाचा_दगड

२.३ असेल तर जोडवाट एकूण ८०० मीटर करा, चार फेऱ्यांना १० किमी होतात, दोनला ५.४, एकाला ३.१. तुमचे तीन किमीही आले. मात्र कालव्याच्या उघड्या बाजूला दोरी आणि दर ५० मीटरला माणूस लागेल, मुलं आणि दृष्टिहीन दोघांसाठीही. तेवढी माणसं नसतील तर कालवा नको.

टी-शर्ट: चालायला येणारी मंडळी टी-शर्टसाठी येत नाहीत, शेजारीण येते म्हणून येतात. पळणाऱ्या पोरांना पदक आणि वेळेचं प्रमाणपत्र पुरतं.

पाहुणे: पत्रिकेत "सुरुवात ७:००" लिहा आणि सातला सोडा. पाहुणे ७:२५ च्या चालणाऱ्या गटाला झेंडा दाखवतील. गर्दी तिथेच जास्त असते, फोटोही तिथेच चांगला येतो, ते खूश. भाषणं सुरुवातीला अजिबात नकोत. अंग गरम करून उभी राहिलेली माणसं थंडीत वीस मिनिटं भाषण ऐकून गार पडतात आणि पहिल्या किमीत पोटरी धरतात.

उत्तर ३: चाकं_आणि_काठी

"सगळ्यांसाठी" हा शब्द पत्रकावर असेल तर मार्ग शेवटच्या माणसाच्या पायाने तपासा. म्हणजे रिकामी व्हीलचेअर घेऊन एकदा पूर्ण फेरी ढकलत या. दवाखान्याच्या साध्या खुर्चीची पुढची चाकं लहान असतात. गटारावरच्या जाळीत, डांबराच्या तुटक्या कडेत आणि पट्ट्यांच्या गतिरोधकांवर ती अडकतात आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. नियमातला गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, तो ढकलत पार होतो. गल्लीत लोकांनी स्वतः केलेला हातभर रुंदीचा उंचवटा होत नाही. तिथे दोन फळ्या टाका किंवा खुर्ची पाठमोरी न्या. तीव्र उतारावरही पाठमोरीच. तुमच्या मार्गावर चढ आहे म्हणता, तर एका फेरीत तो उतारही होणारच. फेरीची दिशा अशी ठेवा की उभी बाजू चढताना येईल आणि लांबट बाजू उतरताना.

हाताने चालवायच्या तीनचाकी सायकलींचा प्रश्न उलटा. त्या उतारावर चालणाऱ्यांपेक्षा वेगात जातात, ब्रेक यथातथा असतात आणि वळायला मोठी जागा लागते. शंकू ठेवून केलेलं अरुंद यू-वळण त्यांना जमत नाही, रस्त्याची पूर्ण रुंदी द्या. व्हीलचेअर आणि तीनचाकी आधी सोडायच्या हे वर आलंच आहे; त्यांची एकच फेरी ठेवा म्हणजे दहा किमीवाल्यांशी कमी वेळा गाठ पडेल. मुंबई मॅरेथॉनमध्येही दिव्यांगांचा आणि ज्येष्ठांचा गट वेगळा आणि अंतर मुद्दाम छोटं असतं. ज्याला जास्त करायचं त्याला अडवू नका, फक्त सोबत एक माणूस द्या.

दृष्टिहीन मुलांना प्रत्येकी एक जोडीदार हवा, आणि तो मुलापेक्षा बराच वेगवान हवा, कारण त्याला पळता पळता बोलायचंही असतं. दोघांच्या हातात एक न ताणणारी दोरी, तिला दोन्हीकडे फास. मध्ये वीत-दीड वीत अंतर. बुटाची जाड नाडी चालते. जोडीदार शेजारी पळतो, पुढे नाही. ओढायचं तर मुळीच नाही. सूचना आधी आणि मोजून: "दहा पावलांवर उजवं वळण", "गतिरोधक, तीन, दोन, एक, चढ". "सांभाळ!" ही सूचना नव्हे, त्याने मूल जागीच थबकतं आणि मागचा येऊन आदळतो. स्पर्धेआधी निदान दोनदा त्या जोडीने एकत्र सराव करावा, त्यातला एकदा त्याच मार्गावर. जोडीदाराला शुल्क लावू नका, त्याच्या छातीक्रमांकावर "सोबती" लिहा.

कर्णबधिरांसाठी शिट्टीबरोबर झेंडा खाली आणा आणि वळणावरच्या माणसाच्या हातात बाणाचा फलक द्या. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना डीजेच्या भिंतीसमोरून नेऊ नका. सुरुवातीच्या जागेपासून लांब एक शांत वर्गखोली उघडी ठेवा, आणि मनगटावर पालकाचा नंबर लिहिलेली पट्टी बांधा.

अर्जावर "अपंगत्वाचा प्रकार" असा रकाना नको. "मार्गावर कोणती मदत लागेल?" एवढंच विचारा. त्याला सत्तरीच्या आजीही उत्तर देतात: मध्ये बसायला मिळावं. दर ५०० मीटरला दोन खुर्च्या ठेवा, मंगल कार्यालयाच्या प्लास्टिकच्या चालतात.

शाळेचं स्वच्छतागृह आधी बघून या. दार ८०-९० सेंटिमीटर नसेल तर खुर्ची आत जात नाही. पायरीला उतरंड करायची तर उंचीच्या बारापट लांबी: १५ सेंटिमीटरच्या पायरीला १.८ मीटरची फळी. अर्ध्या मीटरची फळी टाकून "केली सोय" म्हणणारे पुष्कळ दिसतात, त्यावरून खुर्ची मागे उलटते.

आणि वेळमर्यादा. ताशी तीन किमीने चालणाऱ्याला ५.४ किमीला एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं लागतात. म्हणजे ७:१५ ला निघालेला ९:०३ ला येतो. रस्ता ९:३० पर्यंत बंद ठेवायची परवानगी मागा आणि सगळ्यांच्या मागे एक स्वयंसेवक चालू द्या, ज्याचं काम फक्त शेवटचं येणं. कमान त्याच्या आधी उतरवायची नाही. साडेआठला बक्षीस वाटून मांडववाल्याने कमान सोडायला घेतली की नंतर येणाऱ्या पन्नास जणांना आपण कोणासाठी आलो होतो ते कळतं.

उत्तर ४: लेस्टरकर

वेळनोंदणीबद्दल. ब्रिटनमध्ये पार्करन नावाची मोफत ५ किमी धाव-चाल दर शनिवारी गावोगावच्या बागांत होते, २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये सुरू झाली. सगळी स्वयंसेवकांवर चालते आणि चिप नसते. त्यांची पद्धत तुम्हाला जशीच्या तशी उचलता येईल. वर सांगितलेला शेवटी चालणारा स्वयंसेवकही तिथे दर शनिवारी असतो.

शेवटच्या रेघेपुढे दोऱ्या बांधून एक मीटर रुंद, पंधरा-वीस मीटर लांब बोळ करा. रेघेवर वेळ घेणारा उभा असतो, प्रत्येक माणूस रेघ ओलांडताना तो स्टॉपवॉचचं लॅप बटण दाबतो. नाव, क्रमांक काही बघत नाही. बोळात एकामागे एक राहायचं, पुढे घुसायचं नाही. बोळाच्या टोकाला दुसरा माणूस क्रमाने टोकन देतो: १, २, ३. पुढच्या टेबलावर टोकनचा आकडा आणि छातीक्रमांक एका ओळीत लिहितात. घरी जाऊन स्टॉपवॉचची ३७ वी वेळ आणि ३७ वं टोकन जुळवलं की निकाल तयार.

कुठे बिघडतं: बटण दोनदा दाबलं जातं, किंवा मुलाला शेवटी सोबत करायला बाप रेघ ओलांडतो आणि त्याचीही वेळ लागते. मग तिथून पुढचे सगळे एकाने सरकतात. म्हणून दोन स्टॉपवॉच ठेवा आणि टोकन देणाऱ्याने दर २५ व्या टोकनला घड्याळाची वेळ आणि छातीक्रमांक कागदावर टिपायचा. चूक कोणत्या पंचविशीत आहे ते लगेच सापडतं. टोकन लॅमिनेट केलेले करा आणि परत घ्या. न घेतलेलं टोकन खिशातून घरी जातं.

वेळ फक्त दहा आणि पाच किमीवाल्यांची घ्या. चालणारे, चाकावरचे आणि सोबती यांना शेजारून वेगळी मोकळी वाट. दृष्टिहीन पळणाऱ्याला बोळात घ्या, त्याच्या सोबत्याला टोकन नाही, आणि रेघ आधी दृष्टिहीन पळणाऱ्याने ओलांडायची.

निधीबद्दल इकडची एक रीत. कर्करोग संशोधनासाठी १९९४ पासून होणारी रेस फॉर लाइफ बराच काळ फक्त स्त्रियांसाठी होती, २०१९ पासून सगळ्यांना खुली झाली. तिथे मुख्य पैसा प्रवेश शुल्कातून येत नाही, भाग घेणारी बाई आपल्या ओळखीच्यांकडून "मी चालतेय, तू किती देतोस?" म्हणत जमवते. इथेही प्रवेश शुल्कावर करसवलतीचा दावा करता येत नाही, देणगीवर येतो. तुमच्या सहाशेंपैकी शंभर जणांना दहा-दहा रकान्यांचा कागद द्या. दहा जणांकडून पन्नास रुपये म्हणजे एका कागदाचे पाचशे, शंभर कागदांचे पन्नास हजार, आणि यात टी-शर्टचा खर्च नाही. कागदावर न्यासाचं नाव, क्यूआर आणि अनुक्रमांक हवा, कोरे कागद वाटू नका.

उत्तर ५: नाडी_बघणारा

पाण्याचा हिशेब तुमच्या फेरीवर करू. समजा १० किमीचे १००, ५.४ चे २५०, ३.१ चे २५०. फेरीवर एकच पाणपोई ठेवली तर तिच्यापुढून ४०० + ५०० + २५० = ११५० वेळा माणूस जाईल. दर वेळी १५० मिलि धरलं तर १७२ लिटर, म्हणजे २० लिटरचे नऊ जार. मैदानात परत आल्यावर माणशी ४०० मिलि, २४० लिटर, बारा जार. एकवीस झाले, पंचवीस घ्या. पेला पूर्ण भरायचा नाही, अर्धाच. प्लास्टिकचे आणि प्लास्टिकचा थर असलेले कागदी पेले बंदीत येतात. आचाऱ्याकडून दोनशे स्टीलचे पेले आणि धुवायला तीन टपं घ्या. टेबल वळणावर नको, वळणानंतर पन्नास मीटरवर, आणि सलग चार टेबलं. एकाच टेबलावर सगळे थांबतात आणि मागून येणारा धडकतो.

ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायची. ती पेल्यात अर्धी ओतून देणं चुकीचं, क्षार फार दाट होतात आणि उलटी होते. थंडीत तीस-चाळीस मिनिटं चालणाऱ्याला ओआरएस लागतच नाही, मैदानातल्या वैद्यकीय टेबलावर वीस पुड्या पुरेत. त्यापेक्षा गूळ-साखर ठेवा. इन्सुलिनवर किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांवर असलेली माणसं सकाळी गोळी घेऊन उपाशी येतात आणि दुसऱ्या किमीत घामाघूम होऊन थरथरतात. पत्रकात लिहा: काही तरी खाऊन या, औषधाबद्दल आपल्या डॉक्टरांना आधी विचारा. छातीत दुखणं, चालताना धाप, चक्कर यांपैकी काही अलीकडे झालं असेल तर तपासणीशिवाय भाग घेऊ नये, हेही ठळक. पंधरा वर्षांखालच्यांना दहा किमी देऊ नका. दहाच्या आतल्या मुलांबरोबर पालक.

फेरीवर दर २०० मीटरला मोठ्या आकड्याचा फलक लावा. १०८ ला फोन करणारा स्वयंसेवक "कालव्याजवळ या" म्हणतो आणि कालवा असतो दोन किमीचा. "फलक ७" म्हटलं की तुमची माणसंही लगेच पोचतात. एक रुग्णवाहिका त्या दिवशी मैदानात उभी हवी, तोंड बाहेरच्या बाजूला, आणि तिच्यापुढे मोटारसायकली लावू देऊ नका. ती फेरीत उलट दिशेने कधीच जाणार नाही हे चालकाला आधी सांगा.

रेघ ओलांडल्यावर थांबून चक्कर येणारे बरेच असतात. पायांत रक्त साठतं. आडवं करून पाय वर केले की काही मिनिटांत सावरतात. म्हणून रेघेनंतर लोकांना चालतं ठेवा, पदक वाटप रेघेवर नको, पन्नास मीटर पुढे. पण पळता पळता मध्येच कोसळलेला माणूस वेगळा समजायचा. हाक मारून, खांदा हलवून ओ देत नाही, आणि श्वास नाही किंवा नुसते आचके आहेत, तर हृदय थांबलं असं धरा. छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबा, रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका, दर दोन मिनिटांनी माणूस बदला. आचक्यांना श्वास समजून पाणी पाजणं, कांदा हुंगवणं यात मिनिटं जातात. वळणांवरच्या सगळ्या स्वयंसेवकांना आदल्या आठवड्यात दोन तास हे बाहुलीवर शिकवून घ्या. खाजगी रुग्णालयाकडून एईडी यंत्र (हृदयाला विजेचा झटका देणारं) दिवसापुरतं मिळालं तर मैदानात आणा.

छातीक्रमांकाच्या मागे नाव, रक्तगट, घरचा नंबर, चालू औषधं. पेन नोंदणीच्या टेबलावर द्या, घरी जाऊन कोणी लिहीत नाही. पिना प्रत्येकी चार.

ओढ्याकाठचा

खूप काही मिळालं. टी-शर्टचं मंडळात पटवावं लागेल, ते अवघड आहे. कालव्याच्या फेरीवर भटकी कुत्री पंधरा-वीस आहेत, आणि नाश्त्याला पोहे किती लागतील?

मैलाचा_दगड

पोहे कोरडे माणशी ६५ ग्रॅम धरा, सहाशेंना चाळीस किलो. एकदम सगळे भिजवू नका. पहिला गट आठच्या सुमाराला येतो, शेवटचा नऊनंतर. तीन घाण्यांत करा, तिसरा शेवटच्यांसाठी राखून. केळी पन्नास डझन, आदल्या दिवशी घ्या.

कुत्र्यांचं असं: ती पहिल्या घोळक्याच्या मागे लागतात, नंतर गर्दी बघून निघून जातात. मार्गावर कचराकुंडी किंवा चिकनचं दुकान कुठे आहे ते बघा, टोळी तिथलीच असते. तिथे त्या भागातला, कुत्र्यांच्या ओळखीचा माणूस उभा करा. रोज खायला घालणारी एखादी बाई असतेच गल्लीत. तिला साडेसहाला फेरीपासून दोनशे मीटर आतल्या बाजूला खाऊ घालायला सांगा. काठी घेतलेली पोरं उभी केली तर कुत्री जास्त चिडतात. आणि सगळ्यात पुढे एक सायकलवाला ठेवा, दहा किमीवाल्यांच्या तीस-चाळीस मीटर पुढे. कुत्री त्याच्या मागे लागतात, त्याला ते झेपतं.

पावतीपुस्तक

मंडळात पटवायला टी-शर्टवाला आणि टी-शर्टशिवायचा असे दोन हिशेब एका पानावर शेजारी शेजारी लिहा, शेवटच्या ओळीत "रुग्णांच्या प्रवासाला उरले" असा आकडा. बाकी काही बोलू नका.

स्पर्धेनंतर पंधरा दिवसांत जमा-खर्च मैदानाच्या फाटकावर लावा, प्रायोजकांच्या वस्तूंसकट. पुढच्या वर्षीचे पोहे त्यावरच ठरतात.